नऊ इंचांची गाडी आणि आईचा अंगठा

माझ्या आईने बाबांशी लग्न केलं, ते त्यांच्याकडे गाडी होती म्हणून.

गाडी नऊ इंच लांब होती.

त्याचं असं झालं, की बाबांचे थोरले भाऊ बोटीवर नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी परदेशातून एक खोकं आणलं. वर झगझगीत गाडीचं चित्र आणि आत प्लास्टिकचे शंभरेक तुकडे. ते एकमेकांना चिकटवायचे आणि चित्रातली गाडी तयार करायची! बाबा तेव्हा गावातल्या मराठी शाळेत नुकतेच मास्तर म्हणून लागले होते. शाळा सुटली की ते खोकं घेऊन बसायचे. त्याच दिवसांत लग्नं जुळवणारे एक काका घरावरून गेले आणि त्यांनी आजीला विचारलं, "मास्तर कुठेत?" आजी म्हणाली, "आत आहेत, गाडी जोडतायत." काकांनी एवढंच ऐकलं आणि आईच्या गावी जाऊन सांगितलं, "मुलगा मास्तर आहे, वाडी आहे, आणि आता तर गाडीसुद्धा जोडलीय!"

मग आईला घेऊन तिची माणसं घर बघायला आली. आईच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, अंगणात चारी बाजूंना नजर फिरवली आणि विचारलं, "गाडी आहे म्हणे?"

"आहे," बाबा म्हणाले. "पण रंग ओला आहे."

यात एक शब्द खोटा नव्हता. पाहुण्यांना आत नेऊन बाबांनी टेबलावरची गाडी दाखवली. मग आई हसली. खूप हसली. आणि लग्न ठरलं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली आहे की नाताळला केक कापला नाही तरी चालेल, पण ही गोष्ट झालीच पाहिजे.

या वर्षी त्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. रविवारी सकाळी चर्चमध्ये आभाराची मिस्सा, मग चर्चच्या हॉलमध्ये जेवण, दोनशे माणसं. बाबा भाषण करणार होते, आणि केकच्या शेजारी ती गाडी ठेवायची असं आईने जाहीर करून टाकलं होतं. इथवर सगळं सुरळीत होतं. बिघडलं ते माझ्यामुळे.

मी दातांची डॉक्टर आहे. माणिकपूरला माझा दवाखाना आहे. पण माझा खरा जीव दुसऱ्याच कामात. कोणीतरी कधीकाळी उत्साहाने जोडलेल्या आणि जोडताना पार वाट लावलेल्या प्लास्टिकच्या गाड्या मी गोळा करते. गम ओघळलेला, चाकं वाकडी, रंग फासलेला, अशी गाडी दिसली की माझे हात शिवशिवतात. आधी गाडी फ्रीजरमध्ये ठेवायची, म्हणजे जुना गम कडक होऊन सांधे मोकळे होतात. मग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून जुना रंग उतरवायचा. मग दात साफ करायच्या आकड्यांनी फटीफटीतला गम खरवडायचा (निर्जंतुक करून! पेशंटनी घाबरू नये), पुन्हा नीट जोडायची, घासायची, रंगवायची. दुसऱ्या कुणी केलेलं वाईट काम काढून चांगलं काम करणं, यासारखं सुख नाही. दाताच्या डॉक्टरला तरी नाही.

आता तुम्हीच सांगा, अशा बाईच्या घरात, काचेच्या कपाटात, डोळ्यांसमोर, चाळीसहून अधिक वर्षं ती बाबांची गाडी!

बाबांच्या कामाबद्दल मुलीने बोलू नये, पण बोलते. चार चाकांपैकी तीनच जमिनीला टेकत. पुढची काच गमाने अशी झाली होती, की आतल्या ड्रायव्हरला मोतीबिंदू आहे असं वाटे. आरसे दोन्ही एकाच बाजूला. जोडून झाल्यावर सात तुकडे उरले, ते बाबांनी 'कंपनीने जास्तीचे दिलेत' म्हणून डबीत ठेवून दिले होते. रंग हिरवा. घराच्या दाराला लावून उरलेला ऑइल पेंट! आणि या सगळ्यावर कडी म्हणजे टपाच्या मधोमध, सायीसारख्या जाड रंगात, एक ऐसपैस अंगठा उमटलेला. मला वाटायचं, बाबांचाच. काम पूर्ण झाल्यावर सही केली असणार.

मी ठरवलं, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आईबाबांना खोक्यावरच्या चित्रातली गाडी भेट द्यायची. दोघांना न सांगता.

"बाबा, गाडी नेऊ का दवाखान्यात? जरा धूळ पुसून आणते."

(घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर वसई खाडीपलीकडच्या वाचकाला दुभाष्या लागेल, म्हणून थोडी सरळ करून देते.)

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "धूळच ना गो बाय?"

"धूळच."

"ओल्या फडक्याने पूस. जोरात नको."

मी सोमवारी तिला फ्रीजरमध्ये ठेवलं.

मंगळवारी ब्रेक ऑइल संपलंय हे लक्षात आलं आणि मी हरीदादाला फोन लावला. हरीदादा जूचंद्रचा. त्याचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे आणि त्याच्या तीन दाढा मी भरल्या आहेत, त्यामुळे आमचं नातं भक्कम आहे.

"दादा, ब्रेक ऑइल हवंय. आणि गाडी रंगवायचीय, स्प्रे द्याल का मारून?"

"मारू ना! कवरी गारी हाय?"

"नऊ इंच."

तो सावकाश म्हणाला, "डॉक्टरबाय, मना वाटला गारी चेपली आसंल. पन नऊ इंच?"

मी समजावून सांगितलं. तो येऊन ऑइल देऊन गेला. जाताना गाडीकडे बघून म्हणाला, "यो त दाराचा रंग हाय! कोनी मारला?" मी बाबांचं नाव सांगितलं नाही. घरची अब्रू आहे शेवटी.

बुधवारपर्यंत रंग उतरला. आतून दुधासारखं पांढरंशुभ्र प्लास्टिक निघालं. ते सात तुकडेही मी जिथल्या तिथे बसवले. (त्यातला एक तुकडा म्हणजे स्टीअरिंग होतं! बाबांच्या गाडीला पन्नास वर्षं स्टीअरिंगच नव्हतं!) गुरुवारी सकाळी हरीदादाने तिच्यावर किरमिजी रंगाचे दोन हात मारले. टप इतका गुळगुळीत, की त्यात माझं तोंड दिसत होतं. ते तोंड फार खूश होतं.

गुरुवारी दुपारी जेवायला घरी गेले, तर बाबा भाषणाचा कागद घेऊन बसलेले.

"बाय, हे ऐक. शुद्धलेखन मी बघितलंय, तू फक्त भावना बघ." मास्तर खाकरले आणि वाचायला लागले. मध्यस्थ काका आले, ओला रंग आला, आजोबा आले. मी हसत होते. मग आलं, "आणि बंधुभगिनींनो, आता मी तुम्हाला आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगतो. पाहुण्यांसाठी पाणी आणायला मी आत गेलो आणि परत येतो, तर गाडीच्या ओल्या टपावर अंगठा उमटलेला! तिने सगळ्यांची नजर चुकवून गाडीला हळूच हात लावला होता. तो नाजूक अंगठा मी पाहिला आणि समजलो, की हा होकार आहे. म्हणून मी त्या गाडीला पुन्हा कधी रंग दिला नाही. तिच्या अंगठ्यावर कोयत्याची खूण आहे, तीही त्या टपावर दिसते. आज ही गाडी मी तुम्हा सर्वांना हातात घेऊन दाखवणार आहे."

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"कसं वाटलं?" बाबांनी विचारलं. त्यांचे डोळे ओले झाले होते.

"छान," मी म्हणाले.

"रडू आलं ना तुला?"

"हो," मी म्हणाले. आणि ते अगदी खरं होतं.

दवाखान्यात परत आले आणि त्या गुळगुळीत टपाकडे बघत बसले. पन्नास वर्षं जपलेला होकार मी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, टूथब्रशने घासून, बेसिनमध्ये ओतून दिला होता. दुपारचे दोन पेशंट मी 'डॉक्टरांना बरं नाही' सांगून परत पाठवले. बरं नव्हतंच.

मग डोकं चालायला लागलं. रंग काय, हिरवा ऑइल पेंट कुठेही मिळतो. प्रश्न अंगठ्याचा. आधी माझाच दाबून पाहिला, पण त्यावर कोयत्याची खूण कुठून आणणार? आकड्याने ओरखडा काढून पाहिला, तर ती खूण न दिसता नदी दिसायला लागली. नाही, आईचाच अंगठा हवा. आणि आईला न कळता हवा, कारण आईला कळलं की अर्ध्या तासात बाबांना कळणार.

आणि इथे मला माझी विद्या आठवली. कवळी बनवताना आम्ही पेशंटच्या जबड्याचं माप घेतो. एक गुलाबी पावडर असते, पाण्यात कालवली की लापशी होते, तोंडात दाबून दोन मिनिटं धरली की हुबेहूब ठसा. मग त्यात प्लास्टर ओतायचं. जबड्याचा ठसा घेता येतो, तर अंगठ्याचा का नाही? आईच्या अंगठ्याचा प्लास्टरचा अंगठा करायचा आणि तो ओल्या रंगात दाबायचा! माझ्याच हुशारीचं मला कौतुक वाटलं. (माझ्या बाबतीत हे लक्षण वाईट असतं.)

शुक्रवारी सकाळी आई ओट्यापाशी खोबरं किसत होती. मी वाटी पाठीमागे लपवून गेले.

"आई, जरा अंगठा दे."

"काय?"

"अंगठा. उजवा."

"कशाला?"

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. दोनशे माणसांच्या जेवणाचा मेनू पाठ होता, पण एवढं साधं उत्तर नाही! तोंडातून निघून गेलं, "ते... कागदपत्रांसाठी. एक काम आहे. अपडेट."

आईने किसणी खाली ठेवली.

ज्यांना आमच्याकडची परिस्थिती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात आता वाड्या कमी आणि बिल्डर जास्त. केळीच्या बागेत उभं राहून फोनवर बोलणारा अनोळखी माणूस दिसला की बायका घराची दारं लावून घेतात. म्हातारीचा अंगठा कोणीतरी गोड बोलून घेतो आणि पावसाळ्यानंतर तिच्या विहिरीवर पार्किंग होतं, अशा गोष्टी आईच्या रोझरीच्या मंडळात दर आठवड्याला नव्याने येतात. आणि अशा गावात, सकाळी नऊ वाजता, मी आईकडे अंगठा मागितला होता. कागदपत्रांसाठी!

"मला सही येते," आई थंड आवाजात म्हणाली. "सातवीला मी शाळेत पहिली आले होते. मी काय अंगठाछाप आहे?"

"नाही गं, सही नको. अंगठाच पाहिजे."

"असं! सही नको, अंगठाच पाहिजे!" तिने दोन्ही अंगठे मुठीत दाबले आणि मुठी पदराखाली घेतल्या. "मास्तर जिवंत असताना! लग्नाला पन्नास वर्षं होताना! कोणी शिकवलं तुला हे?"

"आई, ऐक तरी..."

"वाटीत काय आहे?"

"काही नाही."

"शाई आहे?"

मी वाटी दाखवली. गुलाबी लापशी एव्हाना घट्ट होऊन तिची वडी झाली होती. ती बघून आईचा संशय उलट वाढला. शाई असती तर तिला निदान समजलं असतं. त्यानंतर दिवसभर आईने सगळी कामं मुठी वळून केली. पोळ्यासुद्धा लाटल्या. बाबा जेवताना म्हणाले, "आज पोळ्यांचे नकाशे का झालेत?" मी त्यांना आमटी वाढली.

आईने मात्र एक फोन केला. शनिवारी दुपारी माझा भाऊ विल्सन चंदनसारहून मोटारसायकलवर येऊन थडकला. हेल्मेट न काढताच तो आत शिरला.

"ताई, सीन काय आहे? मम्मी बोलते तू वाडी बिल्डरला देतेस!"

"अरे, वेडा आहेस का?"

"मला न विचारता? मी पण मुलगाच आहे ना या घरचा!" मग त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं, आई बाहेर येत नाहीये याची खात्री केली, आणि आवाज खाली आणून विचारलं, "आपल्याला टू बीएचके देतायत की थ्री?"

याला काय सांगणार? पण वेळ उरला नव्हता. उद्या मिस्सा. बाबा दाढी-कटिंगला नाक्यावर गेले होते, म्हणजे गप्पा मारून संध्याकाळीच परतणार. आणि आई, दोन दिवस मुठी आवळून दमली असणार, ओटीवर आरामखुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. झोपेत तिची मूठ सुटली होती. उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर मोकळा!

मी घाईघाईने ताजी लापशी कालवली, पाय न वाजवता गेले आणि अंगठा अलगद वाटीत बुडवला. दोन मिनिटं. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. एकशे दहा झाले. एकशे पंधरा. आणि विल्सनने मागून, त्याच्या समजुतीने हळूच, विचारलं, "ताई, पण कागद कुठाय?"

आईने डोळे उघडले.

"अंगठाऽऽऽ!"

ती आरोळी चर्चच्या घंटेपर्यंत गेली असावी. आई उठली, वाटी अंगठ्याला चिकटलेली तशीच वर आली, आणि ती हवेत हलवत आई ओरडायला लागली, "घेतला! घेतला! अंगठा घेतला!" डावीकडच्या घरातून दोन बायका, उजवीकडून एक, रस्त्यावरचा मासेवाला सायकलसकट. त्याच वेळी हरीदादा हिरव्या रंगाचा डबा घेऊन फाटकातून आत आला, कारण मीच त्याला बोलावलं होतं. समोर आई वाटीसह, मी प्लास्टरची पिशवी धरून, विल्सन हेल्मेट घालून. हरीदादाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"डॉक्टरबाय, मी मंग येऊ काय?"

मग माझा धीर सुटला. "आई, वाडी नको गं मला! मी बाबांची गाडी घासली!" आणि सगळ्यांच्या देखत मला रडू कोसळलं. फ्रीजर, ब्रेक ऑइल, किरमिजी रंग, भाषण, होकार, नाजूक अंगठा, सगळं एका दमात सांगून टाकलं. "पन्नास वर्षं जपला होता त्यांनी तुझा अंगठा, आणि मी टूथब्रशने घासून टाकला!"

आईने वाटी खाली घेतली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मासेवाल्याने डोक्यावरची टोपी काढली.

मग आईने वाटीतून अंगठा उपसून काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "टपावरचा तो अंगठा? तो माझा नाही."

"काय?"

"मी कशाला ओल्या रंगाला हात लावीन? चांगलं पातळ नेसून आले होते मी. माझ्या बापाचा अंगठा तो. मास्तर पाणी आणायला गेले, तसा त्याने टप दाबून बघितला, पत्रा आहे का म्हणून."

"पण आई, ती कोयत्याची खूण?"

"कोयता मला तू पोटात असताना लागला!"

विल्सनने हेल्मेट काढलं. "म्हणजे पप्पा पन्नास वर्षं आजोबांच्या अंगठ्यावर प्रेम करतायत?"

"मग तू सांगितलं का नाहीस कधी?" मी विचारलं.

आई जरा लाजली. सत्तरीच्या बाईला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "लग्न झाल्यावर मला म्हणाले, तुझा अंगठा बघितला आणि मी समजलो. इतके खूश होते! मी काय सांगू, तो सासऱ्याचा होकार आहे म्हणून?" मग ती हरीदादाकडे वळली. "तुझ्या हातात काय आहे रे? तोच हिरवा ना? उघड."

त्यानंतरच्या दोन तासांत जे झालं ते मला माझ्या कुठल्याही पेशंटला सांगता येणार नाही. मी दवाखान्यातून गाडी आणली. हरीदादाने किरमिजीवर हिरवा रंग फासला. स्प्रे नाही, जाड कुंचल्याने, दार रंगवतात तसा. त्याचा हात सारखा कचरत होता. "मना नय जमत, बाय. गारी खराब करायचा काम मी कदी केला नय." आई शेजारी उभी राहून आठवून आठवून सांगत होती, "काच एवढी स्वच्छ नव्हती. आरसा इकडून काढ, तिकडे लाव. स्टीअरिंग कशाला? उपट ते!" मी उपटलं. माझ्याच हाताने.

पण चाक काही वाकडं होईना. मी लावलं की सरळच बसायचं. वीस वर्षांची सवय! तीनदा काढलं, तीनदा सरळ. शेवटी मी गमाची नळी विल्सनच्या हातात दिली आणि म्हटलं, "नीट लाव." दहा मिनिटांत गाडी तीन चाकांवर उभी होती, पुढच्या काचेला मोतीबिंदू झाला होता, आणि विल्सनची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. रक्त बापाचंच.

मग आईने गाडी जवळ ओढली. पदराने हात कोरडा केला. मासेवाला, तिन्ही बायका, सगळे पुढे वाकून बघत होते. "पन्नास वर्षं दुसऱ्याचा होता," ती म्हणाली, "आता माझा होऊ दे." आणि तिने टपाच्या मधोमध अंगठा ठेवला. हळूच. कोयत्याच्या खुणेसकट.

माझ्या डोळ्यांना पुन्हा पाणी आलं, ते मी ऑइल पेंटच्या वासावर ढकललं.

"दोन दिस हात लावाचा नय," हरीदादा निघताना बजावून गेला. "ऑइल पेंट हाय, सुकत नय लवकर."

दोन दिवस! आमच्या हातात एक रात्र होती.

रविवारी हॉल भरला. बाबांनी काळा सूट घातला होता, आईने सोनेरी काठाची साडी. भाषण छान रंगलं. मध्यस्थ काकांवर लोक हसले, ओल्या रंगावर टाळ्या पडल्या. मग बाबांनी केकशेजारची गाडी उचलली. मी, विल्सन आणि आई, तिघांनी एकदम श्वास घेतला.

"हा बघा तिचा अंगठा," बाबा माइकमध्ये म्हणाले. "पन्नास वर्षांपूर्वीचा." आणि भावनेच्या भरात त्यांनी त्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला. चांगला दाबून.

मग थांबले. अंगठा उचलला. त्याच्याकडे पाहिलं. हिरवागार! त्यांनी गाडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आई छताकडे बघत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं कॉपी पकडलेल्या मास्तरची नजर ती. मी टेबलाखाली जायच्या बेतात होते. दोनशे माणसं वाट बघत होती.

बाबांनी तो हिरवा अंगठा सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "पन्नास वर्षं झाली. अजून रंग ओला आहे!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. फादरनी रुमाल काढून डोळे पुसले. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, काय बोलले, काय बोलले मास्तर! आईने पदर तोंडाला लावला होता, आणि ती हसतेय की रडतेय हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

जेवणं झाल्यावर बाबा माझ्याशेजारी येऊन बसले.  कागदी रुमालाने अंगठा पुसत राहिले.

"अंगठा लहान झालाय," शेवटी म्हणाले.

"आईचं वय झालं ना, बाबा."

"हं. आणि हिरव्याखाली किरमिजी रंग कुठून आला?"

 दाताच्या डॉक्टरला गप्प बसायची सवय नसते, पण त्या दिवशी जमलं.

"बाय," ते म्हणाले, "धूळ छान पुसलीस. आता पुढची पन्नास वर्षं परत पुसू नकोस."

"नाही पुसणार."

"तसं नाही. लेखी दे."

त्यांनी भाषणाचा कागद उलटा केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी यापुढे या गाडीस धूळ पुसण्याच्या अथवा अन्य कोणत्याही हेतूने हात लावणार नाही.' मी पर्समधून पेन काढलं.

"सही नको," बाबा म्हणाले आणि गाडी माझ्यापुढे सरकवली. रंग ओला होताच. "अंगठाच पाहिजे."

तो कागद आता काचेच्या कपाटात, गाडीच्या शेजारी, फ्रेम करून लावला आहे. आई सातवी पास, बाबा मास्तर, विल्सन बी.कॉम. आमच्या अख्ख्या घरात अंगठाछाप काय ती एकटी मी, बी.डी.एस.!